सामूहिक आजारपण

माझा नवरा वैमानिक आहे असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं आणि पुढचा प्रश्न पगाराचा असतो. लग्नानंतरची बरीच वर्षं मी तो प्रश्न हसून टाळला. अलीकडे हसायचाही कंटाळा येतो.

आम्ही नाशिकलाच राहिलो ते सासऱ्यांमुळे. ते ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, कामगार संघटनेतही वर्षानुवर्षं होते. निवृत्त झाल्यावर इंदिरानगरचं घर सोडून मुंबईला यायला त्यांनी साफ नकार दिला. माझी नोकरीही इथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात, जीवशास्त्र शिकवण्याची. त्यामुळे नवरा मुंबईहून उडायचा आणि सुट्टी मिळाली की गाडी चालवत घरी यायचा. घरी आला की पहिला दिवस झोपेत जायचा, दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचा, तोवर निघायची वेळ झालेली असायची.

कोरोनात विमानं जमिनीवर उभी राहिली तेव्हा त्याच्या कंपनीने पगार कापले. वैमानिकाच्या पगारात एक भाग ठरलेला असतो आणि एक उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. दोन्हींना कात्री लागली. तेव्हा कुणी फार तक्रार केली नाही. भोवती काय चाललंय ते सगळ्यांनाच दिसत होतं. कपात तात्पुरती आहे असं कंपनीने सांगितलं होतं. पुढे विमानं पुन्हा भरून जायला लागली, तिकिटं महागली, ड्युट्या वाढल्या, विश्रांतीचे दिवस आक्रसले. कपात तेवढी जागेवरच राहिली.

वैमानिकांच्या संघटनेने आधी विनंती केली, मग बैठका मागितल्या. बैठका मिळाल्या, त्यात चांगला चहा मिळाला, आणि परिस्थिती सुधारली की बघू असं उत्तर मिळालं. नवरा तेव्हा संघटनेच्या कमिटीवर होता. निवडून आला म्हणणं खरं ठरणार नाही. दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं आणि याला नाही म्हणता येत नाही, एवढंच.

शेवटी कमिटीने ठरवलं की एकाच वेळी सगळ्यांनी आजारपणाची रजा टाकायची. हे त्याने घरी जेवताना सांगितलं आणि सासऱ्यांचा हात ताटातच थांबला.

"आम्ही गेटवर उभं राहून सांगायचो, आज काम बंद," ते म्हणाले. "तुम्ही अंथरुणात पडून सांगणार?"

नवऱ्याने शांतपणे समजावायचा प्रयत्न केला. विमानसेवा अत्यावश्यक धरतात, उघड संप केला तर कारवाई होते, लायसन्सवर बेतू शकतं. शिवाय एवढा पगार घेणारा माणूस कामगार कसा, असं कंपनीचे वकील आधीच विचारत होते. सासऱ्यांना हे पटलं नाही. तुम्हाला कामगारही म्हणवून घ्यायचं नाही आणि कामगारांची हत्यारंही पाहिजेत, असं काहीसं ते बोलले आणि ताट घेऊन उठले. मला दोघांचंही खरं वाटत होतं. मी भांडी आवरली.

रजेच्या पहिल्या दिवशी मी कॉलेजात गेले तर स्टाफरूममध्ये तोच विषय. देशभर त्या कंपनीची विमानं रद्द होत होती. आमच्या इंग्रजीच्या मॅडमची मुलगी बंगळुरूला विमानतळावर अडकली होती. तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि ती फोनवर रडत होती. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, पण बोलत होत्या माझ्यासाठीच. एवढा पगार असून यांचं पोट भरत नाही, अशा अर्थाचं. मला सांगावंसं वाटलं की महिनोन्‌महिने हा माणूस अर्ध्या झोपेत जगतोय आणि तुमच्या मुलीला घेऊन उडणारा माणूस जागा असावा असं तुम्हालाही वाटत असेल. पण मी हजेरीपट उचलला आणि तासाला निघाले. त्या मुलीची परीक्षा खरंच बुडत होती. तिला मी काय सांगणार होते?

घरी आले तर दाराबाहेर दोन जोड बूट दिसले. आत एक डॉक्टर आणि कंपनीचा एक अधिकारी बसले होते. आजारी असल्याचं कळवलेल्या वैमानिकांना घरी जाऊन तपासायचं, असं कंपनीने ठरवलं होतं. हे डॉक्टर नाशिकचेच होते, कंपनीने तेवढ्यापुरते नेमलेले. वयाने आमच्याएवढेच असतील. त्यांना सगळ्याची लाज वाटत असावी, कारण मी आत येताच ते उगाच उभे राहिले. नवरा सोफ्यावर टी-शर्ट घालून बसला होता आणि त्याचा चेहरा अगदी सपाट होता. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना दिसतो तसा. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर डोकं दुखतंय, असं त्याने सांगितलं होतं.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधला. आकडा बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग दुसऱ्या हाताला बांधला. अधिकारी मोबाईल बघत होता. डॉक्टरांनी नवऱ्याला आडवं व्हायला सांगितलं, थोडा वेळ कुणी बोलू नका म्हणाले, आणि आणखी एकदा मोजलं. माझं त्यांच्या तोंडाकडे लक्ष होतं.

"झोप कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"ड्युटी असेल तशी," नवरा म्हणाला.

मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, हे खरंच आजारी आहेत. यांना आजच दाखवायला न्या."

अधिकाऱ्याने मान वर केली. फिट असल्याच्या कागदावर सही व्हावी म्हणून तो त्यांना घेऊन आला होता, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं. डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं की ती सही त्यांना करता येणार नाही. हा रक्तदाब घेऊन यांनी गाडीही चालवू नये, विमान तर लांबच.

आम्ही संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात गेलो. कारमध्ये नवरा एकदाच बोलला. "मी खोटं सांगितलं होतं गं," तो म्हणाला. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, मी गाडी पुढे काढली.

त्याचं मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं तब्येतीचं सर्टिफिकेट, तात्पुरतं थांबवलं गेलं. गोळ्या सुरू झाल्या. उड्डाण नाही म्हणजे तासांचे पैसे नाहीत, आणि ठरलेला भाग तर आधीच कापलेला. माझ्या पगारात घर चालत होतं, उपाशी कुणी राहिलं नाही. पण सकाळी आंघोळ करून, दाढी करून, कुठे जायचं नाही म्हणून गॅलरीत बसलेला नवरा मी पहिल्यांदा बघितला. सासरे त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. रजेवरून झालेला वाद कुणीच पुन्हा काढला नाही.

मग त्याच्या आजाराला गिऱ्हाइकं आली. कंपनी म्हणायला लागली की बघा, खरा आजारी माणूस आम्ही ओळखला आणि त्याची काळजी घेतली. बाकीचे मात्र खोटे. संघटनेच्या अध्यक्षांचा मुंबईहून फोन आला. त्यांना हीच गोष्ट उलट बाजूने हवी होती. अतिश्रमाने वैमानिक आजारी पडतात याचं याच्याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? नवऱ्याने फोटो द्यावा, टीव्हीवर दोन शब्द बोलावे. अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. आम्हाला खूप मदत केली त्यांनी. पण फोन स्पीकरवर होता आणि मी ते ऐकत होते. मला वाटलं, या माणसाचा रक्तदाब तरी त्याच्यापाशी राहू द्या.

नवरा म्हणाला, फोटो देणार नाही, पण कंपनीशी बोलणी करायला मी बसणार. एक कलम मागायचं होतं त्याला. मेडिकल थांबलेल्या वैमानिकाला बरा होईपर्यंत ठरलेला पगार तरी जुन्या दराने मिळावा. फक्त स्वतःसाठी मागत नव्हता. त्याच्यासारखे आणखी काहीजण होते, ते सांगत नव्हते एवढंच. चक्कर आली तरी गोळी घेऊन कॉकपिटमध्ये बसणारे.

डॉक्टरांनी गाडी चालवू नको म्हटलं होतं म्हणून मी रजा काढून त्याला मुंबईला नेलं. एका हॉटेलच्या लॉबीत मी पेपर तपासत बसले आणि वरच्या मजल्यावर ते बोलत राहिले. संध्याकाळी तो खाली आला तेव्हा त्याच्या चालण्यावरूनच मला कळलं.

तडजोड झाली होती. कपातीचा मोठा भाग परत मिळणार होता, रजेवर गेलेल्यांवर कारवाई होणार नव्हती, आणि नव्या को-पायलटांचे उड्डाणाचे तास पगारासाठी वाढवून धरले जाणार होते. शेवटच्या तासाभरात कंपनीने अडवून धरलं आणि सौदा मोडू नये म्हणून एक कलम सोडून द्यावं लागलं. ते याचं होतं.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"हात वर केला. सोडायच्या बाजूने."

"का?"

"पोरांची गरज मोठी आहे. कर्ज काढून शिकलेत सगळे." मग माझा पेपरांचा गठ्ठा उचलत म्हणाला, "दमलो मी. घरी चल."

घाट चढताना तो झोपला. घरी सासरे जागे राहिले होते. त्याने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते पुन्हा काहीतरी लागेल असं बोलतील. पण त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच कारखान्याचं. एका करारात आजारी कामगारांचं एक कलम त्यांनी स्वतः सोडलं होतं, आणि नंतर कॅन्टीनमध्ये त्या माणसांच्या टेबलावर बसायचं ते टाळायचे. "तुझ्या अध्यक्षाला फोन कर," ते म्हणाले. "तो तुझ्याशी बोलायचं टाळेल. तूच कर." नवऱ्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. ते दोघं काय बोलले मी विचारलं नाही.

त्यानंतर बरेच महिने तो एका फ्लाइंग स्कूलच्या मुलांना ऑनलाइन थिअरी शिकवायचा. आमच्या बेडरूममधून हवामानाचे, ढगांचे तास चालायचे आणि मी बाहेर पेशींच्या आकृत्यांना मार्क द्यायचे. रक्तदाब हळूहळू ताब्यात आला. मेडिकल परत मिळालं तेव्हा आम्ही काही साजरं केलं नाही. बॅग भरली आणि तो गेला. आता तो कमी उडतो, वेळेवर झोपतो, संघटनेची वर्गणी भरतो. कमिटीवर पुन्हा यायला सांगितलं तेव्हा त्याने नाही म्हटलं. हा शब्द, पुढे 'पण' न लावता, त्याच्या तोंडून ऐकायला मला वीस-एक वर्षं लागली असतील.

आता वाद विश्रांतीच्या तासांचा आहे. कमिटीवर या वेळी एक तरुण को-पायलट गेली आहे, मनमाडची. तिचे वडील रेल्वेत इंजिन चालवतात. गेल्या महिन्यात गावी जाताना ती आमच्याकडे थांबली. जेवण झाल्यावर वही काढून नवऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सर, कुठलं कलम ते आधी सोडायला लावतील, ते मला आत्ताच सांगा."

तो सांगायला लागला. सासरेही खुर्ची ओढून आले आणि मधेमधे त्याला दुरुस्त करू लागले. ती पोरगी दोघांनाही उलट प्रश्न विचारत होती. थोडा वेळ मी दारात उभी राहून ऐकलं. मग आत जाऊन पंखा लावला आणि जरा आडवी झाले. मला दुसऱ्या दिवशी दिवसभर मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची होती.