सोंडकिड्याचा कोट

कारखान्यात लेथवर लोखंड कातणाऱ्या टर्नरचा दिवस पहाटे चारला सुरू होई. कारखान्याची पाळी सातची. पण साडेपाचला इमारतीचा पाण्याचा पंप लागे आणि जमीन थरथरायला लागे. किड्यांचे फोटो काढायला मधला दीड तासच काय तो हाताशी.

कॅमेरा त्याने भंगारातल्या लेथच्या सरकपट्टीवर बसवला होता. पट्टीचं चाक त्यावरच्या खुणांची एक रेघ फिरवलं की कॅमेरा मिलिमीटरचे दोन शतांश पुढे जाई. एका फोटोत किड्याचा केसाच्या जाडीएवढाच थर स्पष्ट येतो. म्हणून एक रेघ, थरथर निवायला दहा सेकंद थांबायचं, एक फोटो. पुन्हा एक रेघ. नंतर सगळे संगणकावर एकावर एक बसवायचे. घाई करणाऱ्याचं ते काम नव्हे.

एकदा बायकोला खिडकीच्या कुंडीत मेलेला सोंडकिडा सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, हिरवागार, चमकणारा. तिने तो काडेपेटीत घालून नवऱ्याला दिला.

"माझा किडा आहे हं. नीट काढा."

टर्नरने नीटच काढायचं ठरवलं, आणि तिथेच माती खाल्ली. लेथवर कातलेला जॉब पुसल्याशिवाय माप घ्यायचं नाही, ही एकतीस वर्षांची सवय. त्याने मलमलचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवला आणि किडा चांगला रगडून पुसला.

सकाळी बायकोने काडेपेटी उघडली.

"अहो, मी हिरवा दिला होता. हा काळा कुणाचा?"

"तोच आहे."

"सोंड तीच दिसतेय. कोट कुठे गेला?"

"रंग उडाला."

"उडायला तो काय दाराचा रंग आहे?" ती खरंच दुखावली होती. "गेला कुठे तेवढं दाखवा. मग बोलेन."

ती डबा भरून देई, पण किड्यांचं नाव काढीना. एरवी रोज संध्याकाळी "आज कोण बसलंय फोटोला?" म्हणून विचारणारी बाई. टर्नरला ते लागलं. आणि तिचा प्रश्नही डोक्यातून जाईना. पुसून जातो तो रंग असतो तरी कसला?

त्याने मलमल कॅमेऱ्याखाली धरली. धाग्यांत हिरवे ठिपके होते, पण त्यांना आकार नव्हता. त्याचं भिंग तिथवर पोचत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाचं चारपटीचं भिंग हवं होतं, चांगल्यापैकी. त्याच्या पैशांसाठी त्याने रविवारची जादा पाळी मागितली.

"घर बांधायला काढलंस का रे?" फोरमनने विचारलं.

"नाही. किड्याचा रंग हरवलाय, तो शोधायचाय."

फोरमनने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि नाव लिहून घेतलं.

भिंग आलं. ते कॅमेऱ्याला जोडायची कडी टर्नरने जेवणाच्या सुट्टीत, फोरमनला विचारून, स्वतः कातली. पहिलीचे आटे घट्ट झाले. फेकली. दुसरी बसली.

पहिल्या पहाटे ब्याण्णवाव्या फोटोला पंप लागला. कुणीतरी लवकर उठलं होतं. सगळं वाया. दुसऱ्या पहाटे तो साडेतीनला उठला आणि एकशे चाळीस फोटो पुरे करून संगणकावर एकावर एक बसवले.

त्याने बायकोला हलवून उठवलं. ती कुरकुरत स्टुलावर बसली आणि संगणकाच्या पडद्याकडे वाकली. धाग्यांत खवलं अडकली होती. माशाला असतात तशी, पण धुळीच्या कणाएवढी. हिरवी, काही सोनेरी.

"अगंबाई! म्हणजे त्याने हे अंगावर कौलांसारखं रचलेलं?"

"मी झाडू मारला त्यावर."

"मारलातच." ती हसली. मग तिने कॅमेऱ्यातूनच पाहायचं म्हणून फोटोसाठी लावलेला दिवा हातात घेतला. तो हलला की काही खवलं पेटत, काही विझत, एखादं निळं होई. तिने दिवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, खाली धरला. पंप लागला, चित्र थरथरलं, तरी ती उठेना.

"पाळीला जा तुम्ही. डबा आज तुमचा तुम्ही भरा."

अकरा रविवारांच्या मजुरीचं ते भिंग अंगठ्याएवढं होतं, आणि टर्नर निघाला तेव्हा बायको त्यातच डोकावत बसली होती.