मामांचे ताजे कॉइन

शिक्रापूरला कंपनीत लागलो तेव्हा खोलीतल्या पोरांनी मला क्रिप्टोच्या कॉइनचा नाद लावला, आणि राहू गावच्या माझ्या मामांना तो मी लावला. मामा झेंडू-शेवंतीवाले. विहिरीवरची जुनी मोटर सारखी जळायची, म्हणून मामीनं पाच एचपीच्या नव्या मोटरीचे पैसे बाजूला काढले होते. मामा म्हणाले, "महिनाभर हे पैसं कॉइनात फिरवू, पायपाचं बी निघंल." मीही मुंडी हलवली.

पहिल्याच आठवड्यात भाव धाडकन पडला. मामांचा फोन आला. "आवक वाढली का रं?"

मी समजावलं, की आवक नसते. बाहेरदेशी कुणी बडा माणूस काहीतरी बोलतो आणि लोक विकत सुटतात. काहींनी उसन्या पैशांवर मोठाले सौदे केलेले असतात. भाव जरा उतरला की ते सौदे आपोआप मोडतात, त्यानं भाव आणखी पडतो, आणि ते बघून उरलेले घाबरतात.

"ते समदं खरं," मामा म्हणाले, "पर आवकीबिगर भाव पडंलच कसा?"

मला खोडी सुचली. "बरूबर हाय मामा. अमेरिकेची आवक सांजच्याला उतरती."

मी हे विसरलो, मामा विसरले नाहीत. फुलवाल्याच्या अंगात एकच गोष्ट भिनलेली असते: दिवस मावळायच्या आत मिळेल त्या भावानं माल काढायचा, घरी परत आणायचा नाही. मामा रोज सकाळी कॉइन घेत आणि रोज संध्याकाळी विकून मोकळे होत. दर विक्रीला कर कापला जाई, कमिशन वेगळं. मला हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"मामा, हे काय सुकत न्हाई! ऱ्हाऊ द्या की रातभर."

"शिळं कशाला ठिवायचं?"

"आन् दरवेळी कापत्यात, त्याचं काय?"

"हमाली-तोलाई कुणाला चुकलीय?"

मी पोट धरून हसलो. खोलीवरच्या पोरांनाही हा किस्सा रंगवून सांगितला.

पुढच्या रविवारी दिवेलागणीला मी राहूला होतो. मामीनं मोटरीचा विषय काढला. मामा म्हणाले, "भाव पडलाय, जरा दम धर." मामी माझ्याकडं वळली.

"आत्ता ह्यांच्याकडं माल हाय का पैसं?"

"पैसं," मी म्हणालो.

"मग उद्या सकाळी काय बी घ्यायचं न्हाई."

तिथंच सगळा व्यापार आटोपला. उरलेल्या पैशांत पाचाऐवजी तीन एचपीची मोटर आली. ती चालू केली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. पाणी निघालं, पण बांधाकडच्या शेवंतीपर्यंत पोचायला जोर पुरेना. कडेच्या सऱ्या कोरड्याच राहिल्या. मला फार लाज वाटली. मामीनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं घरातून बादली आणली आणि माझ्या हातात दिली.

"तेवढ्या सऱ्या तुझ्या," ती म्हणाली. "दर रविवारी येत जा."