नळाच्या दिवशी घरी कोण

स्थावर मालमत्तेवर मालकाचा अधिकार निर्विवाद असतो, असे आमच्या वकिलांनी मला गंभीर चेहऱ्याने सांगितले होते. आईनंतर अकोल्यातल्या घराच्या आखीव पत्रिकेवर माझे एकट्याचे नाव चढले. तो अधिकार घेऊन मी बंगळुरूहून पहिल्यांदा गेलो, तर फाटकाला कुलूप. शेजारच्या ओट्यावरून दादाराव म्हणाले, "आला का बाप्पा? थांब, वरच्या बाईले इचारून येतो, आता उघडू का म्हून."

दादाराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा किल्ल्यांचा जुडगा तिने त्यांना दिला, तो त्यांच्या करगोट्याला लागला तो कायमचा. पगार नाही, करार नाही. त्यांनी फक्त एक रबरी शिक्का स्वखर्चाने करून घेतला : 'घरमालकाकरिता'. वरच्या दोन बिऱ्हाडांना जाणारी प्रत्येक सूचना त्या शिक्क्यानिशी निघे. 'गच्चीवर पापड वाळत घालताना जायला वाट सोडावी' हीसुद्धा.

खालचा मजला मात्र रिकामा होता. मी तिकडून भाडेकरू पाठवायचे, दादारावांनी परतवायचे. नोकरी, जात, लग्न यांतले ते काहीच विचारत नसत; ही त्यांची थोरवी मला मान्य आहे. प्रश्न एकच असे : "नळाच्या दिवशी घरी कोन राह्यते?"

आमच्या गल्लीत नळ पाच-सहा दिवसांनी येतो, दिवसा कधीही, आणि तासाभरात जातो. साऱ्या घराचे टाके मागच्या अंगणात, आणि तिथे जायची वाट खालच्या मजल्यातून. खाली कोणी नसेपर्यंत दादाराव स्वतःच कुलूप काढून, पाइप लावून टाके भरत. अमरावतीहून बदलून आलेले प्राध्यापक आणि त्यांची शिक्षिका बायको, दोघेही दिवसभर बाहेर, परत. बँकेतला एक अधिकारी म्हणाला, आपोआप चालू होणारी मोटर बसवून घेतो. "अन् लाइन गेली त?" तोही परत.

मी फोनवर चिडलो. "काका, चार महिने खोल्या बंद आहेत. दारांना वाळवी लागेल."

"वाळवी तुह्या दाराले लागन. टाकं नाई भरलं त वरचे दोन घरं तहानले राह्यतीन. तू तिथं नळ फिरवतो अन् पानी येते. तुले काय समजून राह्यलं?"

"मग मालक कोण आहे, काका?"

"तूच हायेस ना बावा. मी काई म्हनलं काय?"

शेवटी मी ठरवले : किल्ल्या परत घ्यायच्या आणि एका दलालाकडे द्यायच्या. तसे दादारावांना स्पष्ट कळवले. ते म्हणाले, "ये. पन सोमवारी येऊ नोको. नळाचा दिवस हाये, मले टाइम नाई."

आणि मी, आखीव पत्रिकेवरचा एकमेव मालक, सोमवारचे तिकीट बदलून बुधवारचे काढले. याचा मला अजून राग येतो.

त्या तिकिटावर जाणे झाले नाही. रविवारी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला : बाबा झोपेतच गेले. मिळेल त्या गाडीने निघालो आणि सोमवारी पोचलो. माझ्यासाठीच थांबले होते सगळे. मुलीने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. मागायला येणार होतो ती वस्तू अशी मिळेल, असे वाटले नव्हते. मी खांदा द्यायला पुढे झालो.

तेवढ्यात आमच्या मागच्या अंगणातून पाइपातली हवा फुसफुसल्याचा आवाज आला. तिरडीपाशी वाकलेली माणसे थबकली.

"कुलपाची चाबी कोनापाशी हाये?" वरच्या बाईंनी हलकेच विचारले.

सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिले.

दादारावांच्या अंत्ययात्रेला मी गेलो नाही. नळ आला होता.