बोटीच्या ताडपत्रीखाली घोणस

मैत्रिणींनो, आज आमच्या घरी काय झालं ते ऐका.

दिराची स्पीडबोट पावसाळाभर आमच्या खळ्यात होती. शिवलेलं कव्हर महाग, म्हणून मीच म्हटलं, सोयाबीनच्या गंजीसारखी झाकू. खाली कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, अंथरलं, वरून ताडपत्री जमिनीपर्यंत ओढून दगडं ठेवली.

आज बोट काढताना भाऊजींनी ताडपत्रीत हात घातला, तर आतून कुकरसारखी शिट्टी! "वहिनी, मागं व्हा! घोणस हाये!"

हातापासून वीतभर दूर होती. कुटारात उंदीर, उंदरामागं साप, हे मले कसं सुचलं नाही?

सर्पमित्रानं ती नेली. भाऊजी म्हणतात, "वहिनी, कव्हराचे पैसे वाचले, राखणदारही फुकट भेटला." मले हसू येईना.

बोटीपुढं फोडायचा नारळ मी त्यांच्यावरून ओवाळून फोडला. रुक्मिणीमातेनंच राखलं. आता सांगा, बोटीचं चांगलं कव्हर कुठं शिवून भेटते?