मी दोनदा पुसलेला बाण

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये दहा कॉम्प्युटर आहेत, त्यातले आठ चालतात. एकेकापुढे चार-पाच मुलं खुर्च्या ओढून बसतात आणि माउस कोणाच्या हातात राहणार यावरून रोज भांडतात.

मध्यंतरी आम्हा शिक्षकांना ऑनलाइन आकृत्या काढायचं ट्रेनिंग मिळालं. स्क्रीनवर एक मोठी कोरी पाटी उघडते. मुलांनी आपापल्या जागेवरून चौकट टाकली, बाण ओढला, की तो प्रोजेक्टरनं समोरच्या भिंतीवर सगळ्यांना दिसतो. मी इतकी वर्षं खडूनं विज्ञान शिकवत आलेली. भाईंदरला जेसल पार्कातल्या घरी दोन रविवार माझ्या मुलीकडून शिकवणी घेतली, तेव्हा कुठे चौकट हवी तिथे बसायला लागली.

सातवीला पहिला विषय घेतला तो समुद्रातल्या अन्नजाळ्याचा. कोण कोणाला खातं ते बाणांनी दाखवायचं. बाण खाल्ला जातो त्याच्याकडून खाणाऱ्याकडे न्यायचा. दहा मिनिटांत भिंत भरून गेली. शार्क तर सात होते. तेवढ्यात एका कोपऱ्यात ‘बोंबील’ अशी चौकट उमटली. ‘जवळा’, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, या चौकटीतून तिच्याकडे एक बाण गेला आणि दुसरा बाण बोंबलातूनच निघून, वळसा घेऊन, परत बोंबलात शिरला.

मला वाटलं, माउस घसरला असेल. मी तो बाण पुसला. तो परत आला. मी परत पुसला आणि विचारलं, “कोण खेळतंय रे?”

शेवटच्या कॉम्प्युटरपाशी एक मुलगी उभी राहिली. उत्तनच्या बाजूच्या पालीहून बसनं येणारी, कोळ्यांच्या घरातली. जूनमध्ये एकदा ती वर्गात ‘न्हाय’ म्हणाली होती आणि मुलं हसली होती. तेव्हापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. मी मुलांना तेव्हा रागावले होते, पण त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

“खेळत न्हाय, बाई,” ती म्हणाली. “बोंबील बोंबलाला खातो.”

वर्ग पुन्हा हसला. या वेळी ती खाली बसली नाही.

“तुला कोणी सांगितलं?”

“कोनी न्हाय. आई मावरं साफ करते तवा पोटात दिसतो.”

पुस्तकात तसं काही नव्हतं. गिरगावात लहानाची मोठी झाले, बोंबील तळून कितीतरी खाल्ले; पण ते कोळणीकडून साफ करून आणलेले. पोटात काय असतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. “मी बघून सांगते,” एवढंच म्हणाले. घंटा झाली.

रविवारी भाईंदर स्टेशनजवळून उत्तनची बस पकडली आणि पुढे रिक्षानं पालीला गेले. गल्ली इतकी अरुंद, की समोरून स्कूटर आली तेव्हा मला एका ओट्यावर चढावं लागलं. तिची आई नुकतीच चर्चमधून आलेली. चांगली साडी बदलून ती पाटीभर बोंबील घेऊन बसली. शाळेतल्या बाई बोंबलाचं पोट बघायला आल्या, हे तिला पटत नव्हतं.

“पोरीनं काय केलं का?”

“काही नाही हो. मलाच शिकायचंय.”

पहिल्या चार बोंबलांच्या पोटात नुसता जवळा निघाला. मुलगी माझ्या शेजारी उकिडवी बसून माझ्याकडे न बघता पाटीकडे बघत होती. पाचव्याच्या पोटातून बोटाएवढा, अख्खा, पांढरा बोंबील बाहेर आला.

“बगा,” आई म्हणाली. “याला ओळख-पाळख काय न्हाय.”

मी इतकी हसले, की मुलगीही हसली. तिचे दात मी पहिल्यांदा पाहिले. फोटो काढला. मग त्यातलेच बोंबील तळून, भाकरीबरोबर, मला खायला घातल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

सोमवारी तो फोटो भिंतीवर लावला. वर्गाला सांगितलं, “हा बाण बरोबर होता. मी दोनदा पुसला. माझं चुकलं.” मग त्या मुलीला पुढे बोलावलं आणि माउस तिच्या हातात दिला. तिनं वळसा सावकाश, नीट गोल काढला. कोणी हसलं नाही. एका मुलानं विचारलं, “सुरमई पण सुरमईला खाते काय गं?” तिला ते माहीत नव्हतं, आणि तसं तिनं सरळ सांगितलं. “आईला इचारते.”

त्यानंतर शार्क कमी होत गेले आणि मांदेली, कोलंबी, खेकडे वाढत गेले. बाणांवरून वाद झाला की मुलं माझ्याआधी तिच्याकडे बघू लागली. ती बोलायला लागली, तिच्याच बोलीत, आणि बराच वेळ बोलायची.

धडा एका आठवड्याचा होता, तिसरा आठवडा चालू झाला. मुख्याध्यापिका दारात येऊन भिंत बघत उभ्या राहिल्या. “बाई, तुम्ही अजून समुद्रातच?”

“हो,” मी म्हटलं. “मासे अजून संपले नाहीत.”