एकही प्रश्न न आलेला निबंध

विभागात त्यांना सगळे मोडेम म्हणत. तोंडावर नुसतं सर, पाठ वळली की मोडेम. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का पडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंटरनेट जेव्हा टेलिफोनच्या तारेतून किंचाळत, खरखरत यायचं, त्या काळी समाजशास्त्राचे हे तरुण अधिव्याख्याते ग्रंथालयातल्या एकुलत्या एका संगणकापुढे ठाण मांडून बसत आणि जोडणी लागली की नाही ते मोडेमच्या नुसत्या आवाजावरून सांगत. पुढे तो आवाज ते तोंडानेही काढू लागले. वर्गात पोरं पेंगायला लागली की हा रामबाण उपाय. आताच्या पोरांनी मोडेम नावाची वस्तू पाहिलेलीच नाही, त्यामुळे त्यांना वाटतं सरांना ठसका लागलाय.

तेव्हाचे ज्येष्ठ प्राध्यापक म्हणायचे, "हे खूळ आहे, चार दिवसांत विरेल. माणसांचा अभ्यास करायचा तर माणसांत जा." माणसंच तिकडे निघालीत, हे उत्तर सरांच्या ओठांवर असायचं, पण ते ओठांवरच राहिलं. मोठ्याने काही म्हणणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. बैठकीत ते बोलायचे ते सगळ्यांचं बोलून झाल्यावर, आणि तोवर चहा आलेला असायचा. परिणाम व्हायचा तोच झाला. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी विभागप्रमुख झाली आणि सर होते तिथेच राहिले. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं लोक म्हणाले, सरांनी मात्र कधी म्हटलं नाही. मुलगी हुशार होती आणि अजूनही दार वाजवून आत यायची. सरांना तेवढं पुरे होतं.

सरांनी आयुष्यभर एकच विषय धरून ठेवला. इंटरनेटवरच्या गटांमध्ये जे बोलतात त्यांचा अभ्यास सगळं जग करतं. सर न बोलणाऱ्यांचा करत. कुठलाही गट घ्या, लिहिणारे मूठभर आणि नुसतं वाचणारे ढीगभर. या ढिगाला संशोधक काठावरचे, फुकटे, निष्क्रिय अशी नावं देऊन मोकळे होतात, याचा सरांना मनापासून राग होता. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांचा एक गट होता. त्यात सर परवानगी घेऊन गेले, आणि जे कधीच काही लिहीत नाहीत अशांना एकेकट्याला गाठून बोलले. त्याला वर्षं लागली, कारण न बोलणाऱ्याला बोलतं करायचं म्हणजे घाई चालत नाही. त्यातून जो शोधनिबंध तयार झाला त्याचं सार एका ओळीत होतं: गप्प बसलेला माणूस गैरहजर नसतो.

हा निबंध वाचायला त्यांना घरबसल्या व्यासपीठ मिळालं. इंटरनेट संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद त्यांच्याच विद्यापीठात भरली. देशोदेशीचे अभ्यासक आले. पहिल्याच सकाळी वाय-फाय बसलं आणि इंटरनेटचे एवढे जाणकार मोबाइल वर धरून खिडक्याखिडक्यांतून सिग्नल शोधत फिरले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण दुपारपर्यंत ते सुधारलं आणि पुढे सगळं झकास झालं.

घोटाळा एकच होता. पाहुणे जास्त, सभागृहं कमी. मग समितीने ठरवलं की बाहेरच्यांनी सभागृहात बोलावं आणि घरच्यांनी ऑनलाइन सत्रात. घरचं कार्य म्हटलं की घरच्याने मागेच राहायचं असतं, सरांनी हूं की चूं केलं नाही. त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं, कपाटावरचे गठ्ठे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असं टेबल सरकवलं, ठेवणीतला शर्ट घातला आणि जेवणानंतरच्या सुस्त वेळेला पडद्यावरच्या काळ्या चौकोनांपुढे निबंध वाचला. आठ-दहा चौकोन होते. एकाचाही कॅमेरा चालू नव्हता. दोघा-तिघांच्या चौकोनावर नुसतं "पाहुणा" एवढंच लिहिलेलं. भिंतीपलीकडच्या सभागृहात टाळ्या वाजत होत्या आणि त्या सरांच्या माइकमधून चौकोनांपर्यंत पोचत होत्या.

निबंध संपला. दूरदेशी बसलेल्या अध्यक्षांनी विचारलं, काही प्रश्न? कुणी हूं केलं नाही. अध्यक्षांनी वाट पाहिली, मग घसा साफ करून आभार मानले आणि चौकोन एकेक करून विझले.  सरांनी टेबल पूर्वीच्या जागी सरकवलं.

आठवड्याने विभागाच्या खोलीत बैठक झाली. परिषद कशी झाली, काय कमावलं, काय चुकलं, यावर सगळ्यांनी मनमोकळं बोलायचं होतं. लांब टेबल, बिस्किटांच्या दोन बशा, कोपऱ्यात उरलेल्या कापडी पिशव्यांचा ढीग. विभागप्रमुख बाई खुशीत होत्या. बाहेरून अभिनंदनाचे निरोप येत होते आणि परिषदेतल्या निवडक निबंधांचं पुस्तक काढायला एक प्रकाशक तयार झाला होता.

"मला सगळ्यांत काय आवडलं सांगू?" बाई म्हणाल्या. "पूर्वी अशा परिषदेत आपण इंटरनेटवर जाणाऱ्या माणसांबद्दल बोलायचो. यंदा कुणीच जाणारी माणसं म्हणालं नाही. आता सगळे तिथेच राहायला गेलेत, असं धरूनच सगळे बोलत होते."

"आणि खरी चर्चा व्हरांड्यात झाली," एक जण म्हणाला. "सत्रात सगळे शहाण्यासारखे बोलत होते. चहाच्या रांगेत खरं बोलले."

"पुढच्या वेळी चहाची रांगच लांब ठेवू," बाई म्हणाल्या आणि सगळे हसले. सरही हसले.

मग आलेखची पाळी आली. या तरुण प्राध्यापकाचं नाव वेगळं होतं, पण तो कशाचाही आलेख काढायचा म्हणून आलेख. घरात दूध किती उतू जातं याचाही त्याने काढला असेल. त्याने पडदा खाली ओढला आणि प्रत्येक निबंधावर किती प्रश्न आले त्याचे उभे खांब दाखवले. कुठे उंच, कुठे बुटके. आडव्या रेषेखाली निबंधांची नावं होती. एका नावावर खांबच नव्हता.

"प्रश्नांची संख्या म्हणजे प्रतिसाद," आलेख म्हणाला. "पुस्तकासाठी निवड करताना हाच निकष लावू या. वशिल्याला जागा नको."

खोलीत सगळ्यांना ते नाव दिसलं. सगळ्यांनी बिस्किटांकडे पाहिलं.

"सरांचा निबंध पुस्तकात असणारच," बाई चटकन म्हणाल्या. "तो निकषात बसवायची गरज नाही. सर आपले ज्येष्ठ आहेत."

हे त्या प्रेमाने म्हणाल्या, यात शंका नाही. पण सरांच्या वर्मी घाव बसला तो याच वाक्याने. आलेख काय, तो खांब मोजणारा गडी. त्याचा राग येण्यात अर्थ नव्हता. पण आपण पुस्तकात जाणार ते वयाच्या सवलतीवर, हे त्यांना सहन होईना. वर्षानुवर्षं जे काम केलं ते दहा माणसांनी ऐकलं आणि एकालाही विचारावंसं काही वाटलं नाही. म्हणजे ते कुणी ऐकलंच नाही. चौकोन लावून लोक वामकुक्षीला गेले असणार.

इथे वाचकाने सरांना दोन शब्द सुनवायला हरकत नाही. न बोलणारा ऐकत असतो हे ज्याने पुराव्यानिशी मांडलं, तोच माणूस प्रश्न आला नाही म्हणजे कुणी ऐकलं नाही असं धरून बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण त्या खोलीत हे त्यांना सांगणार कोण? सांगायला निबंध ऐकलेला असायला हवा होता. आणि सर बोलत होते तेव्हा ही सगळी मंडळी पाहुण्यांच्या सरबराईत होती.

"मी निबंध मागे घेतो," सर म्हणाले.

"सर, असं काय करता?" बाई म्हणाल्या.

"मानाचं पान नको मला. ती जागा एखाद्या नव्या माणसाला द्या. मी मनापासून सांगतोय."

बाईंनी पुन्हा आग्रह केला, सरांनी पुन्हा मान हलवली.  बाई म्हणाल्या, "प्रकाशकाला यादी उद्या द्यायचीय. तुमचं नक्की ना, सर?" सर नक्की म्हणाले. मग पुढच्या परिषदेची चर्चा सुरू झाली.

घरी जाताना ते बायकोच्या दुकानावरून जात. बायकोचं औषधांचं दुकान चौकाच्या वळणावर होतं. ती स्वतः फार्मासिस्ट, सडेतोड बाई. ग्राहकाला औषधाबरोबर दोन कानपिचक्या फुकट मिळत आणि तरी गर्दी हटत नसे. नवऱ्याच्या संशोधनाबद्दल तिने कधी कौतुकाचा शब्द काढला नव्हता, की नाक मुरडलं नव्हतं. दुकान तिचं, निबंध त्यांचा, स्वयंपाक दोघांचा, अशी वाटणी होती.

सर काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसले. तिने एका नजरेत ओळखलं.

"काय बिघडलं?"

"काही नाही. पुस्तकातून निबंध काढून घेतला."

"का?"

"कुणी ऐकलाच नाही गं. एक प्रश्न आला नाही. उगाच ज्येष्ठ म्हणून छापायला निघाले होते."

ती काही बोलणार तोच एक आजोबा चिठ्ठी घेऊन आले. तिने चिठ्ठी वाचली, गोळ्या काढल्या. "ही जेवणाआधी, ही नंतर. आणि मागच्या वेळेसारखी दोन्ही एकदम नाही हं, आजोबा," असं बजावून त्यांना वाटेला लावलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"कुणी ऐकला नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सगळे चौकोन काळे. मग?"

"त्यातला एक मी होते."

सरांना आधी कळेचना.

"लिंक तुम्हीच तर घरच्या गटावर टाकलेली. 'इच्छुकांनी उपस्थित राहावे.' भाऊजींनी अंगठा टाकला आणि झोपले असतील. मी कानात लावून इथे बसले होते. नाव काय घालायचं कळेना, म्हणून पाहुणा राहिले."

"दुकानात?"

"मग कुठे? मध्ये खोकल्याची बाटली दिली, थर्मामीटर दिला. पण ऐकत होते. तो एक जण सांगितलात ना, ज्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं. पाच-सहा वर्षं गटात एक अक्षर लिहिलं नाही त्याने. आई गेल्यावर त्याला वाटलं, आता गट सोडावा. तर सोडवेना. रोज सकाळी उठून बघायचा, बाकीच्यांच्या आया कशा आहेत." तिने काउंटरवरचं खोकं सारखं केलं. "तिथे मी एका बाईला चुकून गोळ्यांची जास्तीची पट्टी दिली. ती परत घेऊन आली बिचारी."

 इतक्या वर्षांच्या संसारात आपण हिच्यापुढे एकही निबंध वाचला नाही, हे सरांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांना वाटायचं तिला रस नाही. तिला कधी विचारलंही नव्हतं. आणि ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना शोधत ते गावभर हिंडले होते. सरांना लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग घरी आल्यावर बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्या दिवशी तोंड पाडून आलात आणि जेवून झोपलात. मला वाटलं, दमलात. मग राहूनच गेलं."

"ते जाऊ दे. पण तिथे एखादा प्रश्न तरी विचारायचास. अध्यक्ष म्हणाले ना, काही प्रश्न?"

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय? सगळं कळलं होतं. कळल्यावर काय विचारायचं?"

काउंटरवर कुणी बाई येऊन ताप उतरायची गोळी मागू लागली. बायको तिकडे वळली. सरांनी खिशातून फोन काढला आणि विभागप्रमुख बाईंना लावला. बाईंनी दोन रिंगांत उचलला.

"बोला सर. यादी अजून गेलेली नाही."

"माझा निबंध राहू दे."

"अरे वा! फार बरं वाटलं, सर. पण मघाशी तर तुम्ही ऐकायलाच तयार नव्हता. असं झालं तरी काय एकदम?"

सरांनी काउंटरकडे पाहिलं. ती त्या बाईला गोळी किती वेळाने घ्यायची ते समजावत होती.

"एका माणसाला तो कळलाय," सर म्हणाले. "त्याच्यासाठी छापा."