गुरुवारचे दोन तास

दाढी करायला सलूनमध्ये गेलो, तर खुर्चीत आमच्या सोसायटीतले साठीचे कुलकर्णीकाका गाढ झोपलेले. केस कापून झाले होते, तरी सलूनवाला दिलीप त्यांना उठवत नव्हता. मला बसायची खूण करून तो हळू आवाजात म्हणाला, “आई अंथरुणाला खिळलीय त्यांची. दर गुरुवारी सेवा केंद्रातल्या बाई दोन तास तिच्यापाशी बसतात, तेवढीच यांना उसंत.”

जिन्यात भेटलो की मी नेहमी आईंची तब्येत विचारायचो. काकांची कधीच विचारली नव्हती.

तेवढ्यात काका दचकून जागे झाले. “आईनं हाक मारली का?”

“नाही काका,” दिलीप म्हणाला. “बाई आहेत तिथं. अजून अर्धा तास आहे.”

काकांनी पुन्हा डोळे मिटले. दिलीपनं रेडिओ बंद केला.